आमची न फुलणारी जुई

चैत्र सुरू झाला की आमच्या घरात अंघोळीवरून कुरबुर सुरू होते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवायची आणि ते पाणी पुढच्या खेपेपर्यंत पुरवायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यावरून दोन शब्द कुठल्याही घरात होतातच. आमच्याकडे मात्र वाद असतो तो अंघोळीला साबण लावायचा की नाही, यावर. परवाच माझे सासरे न्हाणीच्या दाराशी उभे राहून आत अंघोळ करणाऱ्या माझ्या नवऱ्याला विचारत होते, "साबण लावला न्हाईस न्हवं?" दिलीपच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. आतून साबणाची डबी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. सासरे समाधानाने परत फिरले आणि मला तो उन्हाळा आठवला. आमच्या जुईला फूल येईना म्हणून अख्खं घर बिनसाबणाचं झालं होतं, तो.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा वळसंगचे. सगळा जन्म त्यांनी ज्वारी आणि तूर पिकवली. सासूबाई गेल्या, गुडघे बोलायला लागले, तेव्हा शेत वाट्याने देऊन दिलीप त्यांना इकडे घेऊन आला. शहरात त्यांचं मन रमेना. टीव्हीत सगळे एकदम बोलतात म्हणून तो नको. बागेत फिरायला जा म्हटलं तर म्हणायचे, उगंच चालायचं म्हंजी काय, कुटं जायाचं आसंल तर सांगा. पहाटे उठून ते फाटकापाशी उभे राहायचे आणि अंगणातल्या फरशीकडे बघत बसायचे. खाली काळी माती आहे हे त्यांना ठाऊक होतं. आपण राहतो त्या घराने ती दाबून टाकली आहे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं.

जुई मी आणली, आणि आणली ती शेजारच्या शेळीमुळे. आमच्या भिंतीपलीकडे शमीमभाभी राहतात. त्यांचे मिस्टर टेम्पो चालवतात आणि त्यांची चांदनी नावाची शेळी नेमकी आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला बांधलेली असते. शेळी गुणाची, पण वास शेळीचाच. उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवता येत नाही आणि शेजारणीला सांगवत नाही. मग एकदा मी शिकवते त्या शाळेतून येताना हातगाडीवर जुईचं रोप दिसलं, ते मी घेतलं. खिडकीपाशी वेल चढवावी, संध्याकाळी ती फुलावी आणि वासाने वासाला परस्पर समजावून सांगावं, असा माझा साधा बेत होता.

कोपऱ्यातली एक फरशी फुटकी होती. ती काढून मी रोप लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर तिच्या आजूबाजूच्या चांगल्या फरश्याही निघालेल्या. मामा पहारीवर हात टेकून उभे होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "मुळ्या काय पाय पोटाशी घिऊन बसणार हाईत व्हय?" त्या दिवशी जुई माझी राहिली नाही.

मामांनी तिची शेती केली. बाजारातलं खत त्यांना पटेना, तेव्हा ते वळसंगला जाऊन घरच्या शेणखताचं पोतं घेऊन आले, तेही एसटीने. कंडक्टरने वासाबद्दल तक्रार केली. मामांनी त्याला, तू भाकरी खातोस ती कशावर वाढते, असं विचारलं. कंडक्टर म्हणाला ते खरं आहे, पण इतर पॅसेंजर आहेत. तेव्हा मामांनी पोतं उचलून मांडीवर घेतलं आणि अख्खा रस्ता नातवंड घ्यावं तसं धरून आणलं. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, आणि आपण जिंकलो अशा थाटात सांगितलं.

जुईने या सगळ्याचं चीज केलं. ती वाढली म्हणजे किती वाढावी. मामांनी आधी काठी दिली, मग दोरी, मग जुने पाइप जोडून मांडव. मांडव भरला तशी ती जिन्याच्या कठड्याला धरून गच्चीवर गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात गार हिरवा काळोख झाला. सोलापूरचं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच ते कळेल. दुपारी रस्ता पांढरा पडतो, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला आडवी होतात, आणि तशात आमच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की अंगावर कुणी ओला पंचा टाकल्यासारखं वाटायचं. पोस्टमन पत्र नसतानाही थांबायला लागला. भाजीवाली टोपली उतरवून तिथंच कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसायची. सगळं होतं. फूल तेवढं नव्हतं.

एकही नाही. कळीदेखील नाही. पावसाळ्यात जुई फुलते, म्हणून आम्ही पहिला पावसाळा वाट बघितली. लहान आहे अजून, म्हणालो. दुसरा पावसाळा गेला, तेव्हा लोक बोलायला लागले. कुणी सांगितलं आंबट ताक घाला. कुणी म्हणालं गुळाचं पाणी. दिलीपच्या एका मित्राने मुळाशी खिळे पुरायला सांगितले, आणि मामांनी तेही केलं. मांडवाची दिशा चुकली आहे असंही एकाने सांगून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं की तुम्ही अंघोळीचं पाणी घालता ना, त्यातला साबण बाधत असेल. त्या दिवसापासून न्हाणीतला साबण बंद झाला. दिलीप बेसनपीठ लावून अंघोळ करायचा आणि कारखान्यात गेला की त्याला म्हणे भज्यांचा वास यायचा.

आम्हाला मूल नाही. हे वाक्य मी आता सहज लिहिते, कारण विचारणारेच थकले. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी ते विचारणं ऐकलं आहे, म्हणून जुईबद्दल लोक बोलायला लागले तेव्हा मला ते लगेच ओळखू आलं. तोच उतरवलेला आवाज, तेच "अजून काहीच नाही का", आणि त्यांच्या नात्यातल्या कुणाला तरी हमखास लागू पडलेला तोच एक उपाय. फरक एवढाच की माझ्या मुळाशी कुणी ताक ओतलं नव्हतं. सासूबाई असताना, गावी गेलो की, कधीमधी उसासा टाकायच्या. मामा तेवढ्यात बैलांना पाणी दाखवायला उठून जायचे. माझ्याशी ते या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना फार वाईट वाटत असणार, म्हणूनच उठून जातात, असं मी मनाशी धरून चालले होते.

त्या चैत्रात मामांची धाकटी बहीण आली. दिलीपची आत्या, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. त्या मैंदर्गीला दिलेल्या. तिकडे घराघरात कानडी, त्यामुळे त्यांची मराठी कानडीच्या चालीवर चालते आणि मामांना त्या अण्णा म्हणतात. आत्या मनाने वाईट नाहीत. फक्त मनात आलेलं तोंडापर्यंत यायला त्यांना अजिबात वेळ लागत नाही. भर दुपारी बसमधून उतरून, लालबुंद होऊन त्या आल्या आणि मांडवाखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. पाणी प्याल्या, पदराने वारा घेतला, जरा जिवात जीव आल्यावर वर बघितलं आणि जुईचं कानडी नाव घेतलं.

"मल्लिगी की काय ही? फूल दिसत न्हाई एक बी."

मामा मांडवाच्या पाइपला दोरी बांधत होते. ते म्हणाले, अजून आलं नाही. आत्यांनी किती वर्षं झाली विचारलं. मामांनी सांगितलं. आत्यांनी मान हलवली.

"वांझ हाय येल, अण्णा. कशाला पाणी घालतोस एवढं? काढून टाक की."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी रिकामं भांडं पुन्हा तोंडाला लावलं. दिलीपने हातातला पेपर वर उचलून तोंडापुढे धरला. पलीकडे चांदनी ओरडली, तेवढाच आवाज.

मामांनी दोरीची गाठ पुरी केली. हात झटकले. मग आत्यांपाशी येऊन म्हणाले, "गौरे, ऊठ जरा."

आत्या उठल्या. मामांनी खुर्ची उचलली, मांडवाबाहेर नेली आणि फाटकापाशी रणरणत्या उन्हात ठेवली.

"हितं बस."

आत्यांनी हे काय म्हणून विचारलं. मामा म्हणाले, बस म्हणतोय न्हवं. थोरल्या भावाचं ऐकायची सवय, आत्या बसल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला. खुर्चीचं प्लास्टिक तापायला कितीसा वेळ लागतो? आधी त्या एका अंगावर झाल्या, मग दुसऱ्या अंगावर. मामा मांडवाच्या सावलीत उभे राहून शांतपणे त्यांच्याकडे बघत होते, पाऊस कुठून येतोय ते शेतकरी बघतो तसे. शेवटी आत्या उठल्या, खुर्ची उचलून परत सावलीत आल्या आणि बसल्या. मामांनी माझ्या हातातल्या ट्रेमधला कप उचलून त्यांना दिला. "च्या घे," म्हणाले. एवढंच.

मी आत गेले आणि पुन्हा चहा टाकला. कुणी मागितला नव्हता. पण मला त्या वेळी गॅसकडे तोंड करून उभं राहण्यासाठी काहीतरी कारण हवं होतं.

आत्या दुसऱ्या दिवशी गेल्या. मामा संध्याकाळी जुईला पाणी घालत होते आणि मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "फुलं येऊ न्हायतर न येऊ. आपली हाय की." मग बादली उपडी करून ठेवून आत गेले.

त्या दिवसानंतर ताक, गूळ, खिळे सगळं बंद झालं. अंघोळीचं पाणी तेवढं चालू राहिलं. आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणीही वर बघितलं की त्याने विचारायच्या आधीच मामा सांगायला लागले, ही सावलीसाठी लावलीय. फुलाची जात न्हवं ही. असं ते इतक्या वेळा म्हणाले की त्यांचा त्यावर पक्का विश्वास बसला. एका लग्नपत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याला तर त्यांनी, फुलं येणाऱ्या जुईला सावली धड नसते, असंही ऐकवलं.

आणि मग शेळीने घात केला.

चैत्र संपता संपता आम्ही नात्यातल्या लग्नाला करकंबला गेलो. हळद, लग्न, परतणं असं करून घरी आलो तो शमीमभाभी रस्त्यातच उभ्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. चांदनी दोरी तोडून पळाली होती आणि आम्ही गेल्यापासून तिचा पत्ता नव्हता. त्यांच्या मिस्टरांनी टेम्पो घेऊन सगळा भाग पालथा घातला होता. भाभी हे सांगत असताना मामा त्यांना धीर देत होते, जनावर हाय, येतंय माघारी. तेवढ्यात आमच्याच गच्चीवरून चांदनीचा आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. चांदनी कठड्यावरून खाली बघत होती आणि तिच्या तोंडात आमच्या सोलापुरी चादरीचं टोक होतं. मग हळूहळू ध्यानात आलं की आपल्याला ती इतकी स्पष्ट दिसते आहे, याचा अर्थ मध्ये काही राहिलेलं नाही. मांडवावर नुसत्या काटक्या होत्या. जिन्याच्या कडेने, गच्चीवर, जिथं जिथं तोंड पोचेल तिथं एक पान शिल्लक नव्हतं. कोवळे शेंडे तर बुडख्यापासून नाहीसे झाले होते. अंगणात ऊन पडलं होतं. कितीतरी दिवसांत तिथं ऊन पडलं नव्हतं, त्यामुळे घर कुणा दुसऱ्याचंच वाटत होतं.

शमीमभाभी शेळी मिळाली म्हणून आनंदाने आत आल्या होत्या, त्या तिथंच थबकल्या. "मामा, जनावर है वो," त्या म्हणाल्या. "मी काय बोलू आता तुमाला?"

मामा घरात गेले आणि विळा घेऊन बाहेर आले. भाभी झटकन गच्चीच्या जिन्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. दिलीपही पुढे सरकला. मामा दोघांना ओलांडून जुईपाशी गेले आणि चावलेली, चिरफळलेली टोकं एकेक करून सारखी कापायला लागले. जखम नीट करावी तसं. कापून झाल्यावर विळा धुतला, जागच्या जागी ठेवला आणि न जेवता झोपले.

पुढचे कित्येक दिवस त्यांनी जुईकडे पाहिलं नाही. पाणीही घातलं नाही. दिलीपला साबण लावायची मुभा मिळाली, पण त्याला त्यात आनंद वाटेना. मामा आपली खुर्ची मुद्दाम शमीमभाभींच्या भिंतीकडे पाठ करून ठेवायचे. भाभी रोज चांदनीचं पेलाभर दूध पाठवायच्या आणि मामा रोज परत पाठवायचे. एक दिवस भाभी स्वतःच पेला घेऊन आल्या आणि पायरीवर ठेवून उभ्या राहिल्या. मामांनी पेल्याकडे बराच वेळ बघितलं.

"त्या दुधात माझी जुई हाय," ते म्हणाले, आणि पेला उचलून उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

त्यानंतर दूध त्यांच्या हक्काचं झालं. कधी उशीर झाला तर ते भिंतीपाशी जाऊन खाकरायचे. खाकरण्यावरून बोलणं सुरू झालं, बोलण्यावरून खुर्ची फिरली, आणि आषाढात एकदा मी शाळेतून आले तर मामा भिंतीवरून वाकून चांदनीला भाकरीचा तुकडा देत होते. मला बघून त्यांनी हात मागे घेतला.

जुईला नवे फुटवे आले होते, पण त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आषाढ सरीसरीने गेला. श्रावण लागला आणि मला जाणवलं की मामा संध्याकाळी विचित्र वागतात. ते मांडवाच्या एका खांबाला पाठ लावून उभे राहायचे आणि कुणी तिकडे आलं तर हलायचे नाहीत. मला वाटलं गुडघे दुखतात. एका संध्याकाळी दिवेलागणीला मी खिडकी उघडली आणि आत जो वास आला, तो शेळीचा नव्हता.

मी बाहेर धावले. मामा खांबाशी उभे होते आणि त्यांच्या मागे, खांद्याच्या वर, टोपीच्या दोन्ही बाजूंना जुईचे पांढरे बारीक घोस लगडले होते. ते लपवायला एका माणसाची पाठ कुठून पुरणार? मामांची मोठी पंचाईत झाली होती. ही फुलाची जातच नव्हे, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"आली वाटतं," ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसे.

पुढे तर लपवायची सोयच उरली नाही. संध्याकाळ झाली की कळ्या उकलायच्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा. स्कूटरवरून जाणारे हळू व्हायचे. शमीमभाभी भिंतीवरून म्हणाल्या की हे आमच्या चांदनीने कटिंग केलं म्हणून. मामा लगेच म्हणाले, द्राक्षवाले बी छाटत्यात, मला काय ठावं न्हाय व्हय. मग तुम्ही का नाही छाटलीत, असं मी विचारलं. त्यांनी एक फुटवा दोरीवर सारखा केला. "आपल्या हातानं विळा चालवायला मन व्हत न्हाय गं," म्हणाले. अजूनही होत नाही. थंडी सरत आली की ते भाभींच्या दारात जाऊन अदबीने विचारतात, चांदनीला जरा पाठवता का. चांदनी येते, काम करते, जाते. चादरी मात्र आम्ही आधी आत घेतो.

त्या श्रावणातल्या एका सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून मैंदर्गीहून आत्या आल्या. फाटकातच त्यांना वास आला असणार. आत येऊन त्या मांडवाखाली उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. आत्यांना न बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दर्शनाहून परतल्यावर त्यांनी माझ्याकडे सुताचा दोरा मागितला, परातभर कळ्या खुडल्या आणि पायरीवर बसून गजरा गुंफायला लागल्या. सुई नाही, काही नाही. दोन बोटांत दोन कळ्या धरायच्या, दोऱ्याचा फास टाकायचा, ओढायचा. बोटं आपसूक चालत होती.

गजरा झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून पाठमोरं बसवलं आणि तिथं त्या अडल्या. माझे केस कानापर्यंत कापलेले. आत्यांनी एक पिन लावून पाहिली, गजरा घसरला. अजून दोन लावल्या, तो कानावर लोंबायला लागला. मामा आणि दिलीप समोर बसून हे सगळं गंभीरपणे बघत होते. शेवटी आत्यांनी मला आपल्याकडे वळवलं, माझा उजवा हात ओढून घेतला आणि मनगटाला गजरा बांधायला लागल्या. दिलीप म्हणाला, लावणीच्या बैठकीला निघालीस काय. मामांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला आत गेले. त्यांच्यामागून दिलीपही गेला.

आम्ही दोघीच राहिलो तेव्हा आत्या मनगटाकडे बघतच म्हणाल्या, "मी त्या दिशी येलाला वंगाळ बोलले."

"वेलीला ऐकू येत नाही, आत्या."

त्यांची बोटं थांबली. बराच वेळ त्या माझा हात तसाच दोन्ही हातांत धरून बसल्या. मग त्यांनी गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली, आणि पुन्हा एक.

ती गाठ काही केल्या सुटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तशीच शाळेत गेले. नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहायला हात वर केला की पहिल्या बाकापर्यंत वास जायचा आणि मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत फुलं तांबूस पडली होती, दोरा मात्र तसाच घट्ट. चित्रकलेच्या बाईंनी बघितलं आणि कपाटातून कात्री काढून माझ्यापुढे धरली.

"राहू द्या," मी म्हणाले.